उथळ बाजूचा तुकडा

टॉरन्स,
९ जानेवारी २०२४

प्रिय मारित्सा,

तेताचा नाताळचा डबा पोचला. यंदाही ह्रस्तुले एकसुद्धा मोडलेले नव्हते. इतकी नाजूक तळणी टपालातून अख्खी कशी पाठवायची, ही विद्या तुझ्या आईकडे, आमच्या तेताकडेच आहे. ऑफिसात कुणाला वास लागू दिला नाही. टेबलाच्या खणात लपवून एकट्यानं खाल्ले, साखर शर्टावर सांडली आणि मीटिंगला तसाच गेलो.

ईमेलला तू उत्तर देत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून हातानं लिहितोय. अक्षर लागलं तर वाच.

यंदा कल्व्हर्टला चाळीस वर्षं होतात. तुमच्या गॅरेजात, तुझ्या बाबांच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी, मी आणि तुझ्या भावानं, टोमानं, मेपलच्या पातळ पट्ट्यांना सरस फासला, ट्रकच्या जॅकखाली रात्रभर दाबून ठेवल्या आणि सकाळी स्केटबोर्डची पहिली फळी निघाली, थोडी वाकडीच. गावाबाहेर रस्त्याखालच्या मोरीत आपण घसरत असू, म्हणून नाव कल्व्हर्ट. तेता फिश सूपचं पातेलं गॅरेजात आणून ठेवायची आणि म्हणायची, आधी खा, मग मरा. हे सगळं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, पण सध्या माझ्याकडून इतिहास लिहून घेतायत आणि सांगून सांगून तोंडात बसलाय.

काम असं. कंपनी ज्यांनी विकत घेतली त्यांना टोमाची सार्डिन माशाची फळी पुन्हा काढायची आहे. तेच चित्र, तेच निळं, खाली त्याचं नाव. आजही लोक विचारतात. चाळीस वर्षांत कल्व्हर्टनं शेकडो चित्रं काढली, पण कुणाच्या पाठीवर गोंदलेली दिसते ती सार्डिनच. घरच्यांच्या होकाराशिवाय मी हात लावणार नाही. टॉरन्सला नवी इमारत होतेय, तिच्या दर्शनी हॉलमध्ये टोमाची जागा असावी असं मला मनापासून वाटतं. त्याचं जे काही मागे राहिलंय ते तिथं मानानं ठेवू. जूनमध्ये समारंभ आहे. तेताला पुढच्या खुर्चीवर बसवायचंय.

तिच्या गुडघ्यांना थंडी लागू देऊ नकोस.

तुमच्याच गॅरेजातला,
ग्लेन


सॅन पेद्रो,
२२ जानेवारी २०२४

ग्लेन,

ईमेलला उत्तर देत नाही, कारण मागच्या खेपेला मी तुला लिहिलं आणि उत्तर आलं तुझ्या ऑफिसातल्या कुण्या ब्रिटनीचं, शेवटी हसरा चेहरा काढून. मी तीस वर्षं शाळेची बस चालवते. हसरे चेहरे मला रोज सकाळी फुकट मिळतात.

इतिहास लिहून घेतायत म्हणतोस, तर एक प्रकरण माझ्याकडूनही घे. तुमच्या त्या पहिल्या व्हिडिओत शेवटचा नंबर टोमाचा होता. तुमच्यात शेवटचा नंबर सगळ्यांत भारी माणसाचा, हे पेद्रोतल्या मासेवाल्यालाही माहीत होतं. त्याच व्हिडिओवर तुम्ही मोठे झालात. मग त्याचा गुडघा गेला. दर महिन्याला तुझ्याकडून त्याला खोका यायचा, फळ्या, चाकं, बूट, तुझ्या हातची एखादी शिवी लिहिलेली चिठ्ठी. एका महिन्यात खोका आला नाही. पुढच्याही नाही. आणि ग्लेन, माझा भाऊ कुरिअरवाल्याला फोन करत बसायचा. पत्ता पुन्हा पुन्हा सांगायचा. त्यांच्या माणसाला म्हणायचा, दादा, गाडीत कुठं मागे सरकला असेल, बघा जरा. शेवटी आपल्या हारलन रंगाऱ्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की टोमा, खोका हरवलेला नाही, तू टीममध्ये नाहीस. तुमच्या धंद्यात माणसाला काढतात ते असं, तोंडानं कुणी बोलत नाही. ज्याच्या आईच्या हातचं खाल्लं त्याला तरी तोंडानं सांगायचं होतंस. तुम्ही दोघं तेव्हा दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होतात.

त्यावर सहा वर्षांनी तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेव्हा तू आलास, रडलास, आईनं तुला कुशीत घेतलं. आईला राग धरता येत नाही. त्या खात्यातलं सगळं देवानं मला दिलं.

फळी काढ. आईला विचारलं, ती म्हणाली, मुलाचं नाव लोकांच्या पायाखाली फिरलं तर मला बरंच वाटेल, नाहीतर कपाटात ठेवून काय करू. माझी अट एवढीच की फळ्या चालवायला काढ, भिंतीवर टांगायला नको. आणि काही पुलाखालच्या पोरांना पाठव. बाकी टोमाचं जे काय हवं ते घे. नाहीतरी विचारून कधी घेतलंस?

आई अजूनही दर रविवारी मिस्सा झाली की पुलाखाली जाते. हारलननं तिच्यासाठी एक बादली पालथी घालून ठेवलीय, वर उशी. फळ्यांवरून घसरायच्या त्या काँक्रीटच्या वाडग्याच्या काठाशी बसते, जपमाळ ओढते, पोरं तिच्या नाकासमोरून सूं करत खाली जातात आणि वर येतात. पडलं कुणी की हिचा मणी चुकतो. दिसत फारसं नाही आता, पण आवाजावरून सांगते कोण चाललंय. म्हणते, टोमाशेजारी इतकी वर्दळ असते, स्मशानात कोण येतं एवढं?

मारित्सा


टॉरन्स,
१ फेब्रुवारी २०२४

प्रिय मारित्सा,

जे लिहिलंस ते मी ऐकून घेतलं. माझ्या वाट्याचंच आहे. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि भित्रा होतो.

होकाराबद्दल आभार. बाकीच्या गोष्टीबद्दलही. तुला कल्पना नाही तू किती मोठं मन दाखवलंस. तेताला माझ्याकडून गालावर एक दे.

ग्लेन


सॅन पेद्रो,
१८ मार्च २०२४

ग्लेन,

काल आईला घेऊन पुलाखाली गेले. बादली जागेवर नव्हती. ती शोधायला मी खाली वाकले आणि तेवढ्यात आईची काठी रिकाम्यात गेली. माझा हात तिच्या कोपराला होता म्हणून वाचली.

उथळ बाजूच्या काठाचा चौकोनच्या चौकोन गायब. आईनं जमिनीवर बसून कडेवरून बोटं फिरवली. म्हणाली, मारित्सा, हे फुटलेलं नाही गं, कुणीतरी सुरीनं कापलंय. मग तिनं तळहात त्या खड्ड्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, थांब.

पोरांनी सांगितलं, मंगळवारी ट्रक आला, पिवळी जाकिटं घातलेली माणसं आली, करवत लावली, क्रेननं उचललं. एक फोटोवाला होता. टोपीवर कल्व्हर्ट लिहिलेलं. पोरांना वाटलं, कल्व्हर्ट म्हणजे आपलीच माणसं, काहीतरी दुरुस्ती चाललीय. त्यांनी माल उचलू लागायला मदतसुद्धा केली.

तो वाडगा तुझ्या कंपनीनं बांधलेला नाही. हारलननं आणि पोरांनी बांधला, बांधकामांवरून उरलेला माल मागून आणून, घमेल्या घमेल्यानं, कित्येक वर्षं. माझा भाऊ तिथं आहे. माझ्या भावाला तू जमिनीतून कापून नेलंस, आणि त्याचा फोटो काढून घेतलास.

फोन करू नकोस. लिही. मला ते कागदावर हवंय.

मारित्सा


टॉरन्स,
२५ मार्च २०२४

प्रिय मारित्सा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तेता पडली असती. कडेला कठडा लावायला सांगितलं होतं, तो लावला गेला नाही. त्याबद्दल माफी मागतो.

बाकीच्याबद्दल मात्र मी गोंधळलोय. मी जानेवारीत लिहिलं होतं की त्याचं जे काही मागे राहिलंय ते आम्ही मानानं ठेवू. तू लिहिलंस, टोमाचं जे काय हवं ते घे. ते पत्र माझ्यासमोर आहे. मला वाटलं तुला कळलंय. तू रागावून मोठेपणा दाखवतेस, ही तुझी जुनी रीत आहे, म्हणून मी आभारही मानले.

आणि जरा थंड डोक्यानं विचार कर. त्या पुलाखाली लोक मुततात. पावसात वरून तेल गळतं. पाच वर्षांनी ती जागा असेल का, कुणी सांगावं? इथं तो काचेच्या छताखाली आहे, भिंतीवर, सकाळचं ऊन बरोबर त्याच्या नावावर येतं. खाली पितळी पाटी आहे. परवा स्वीडनहून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला होता, दोघं त्या दगडासमोर टोपी काढून उभे राहिले. टोमाला याआधी कधी कुणी असा मान दिला होता?

मला परकं समजू नकोस, मारित्सा. त्या दिवशी मी तिथं होतो. समुद्रावरून धुकं आलेलं, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. तेतानं कलश माझ्या हातात दिला. तिला ओतवेना. मी माझ्या हातानं राख मालात ओतली, फावड्यानं फिरवली, आणि काँक्रीट ओलं होतं तोवर खिळ्यानं त्याचं नाव लिहिलं. हे मी जगभर सांगत आलोय. त्याला कुठं ठेवावं यावर माझाही थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

तेताला गाडी पाठवतो. हवं तेव्हा येऊन बसू दे. बादली नाही, चांगली खुर्ची देऊ.

ग्लेन


सॅन पेद्रो,
३ एप्रिल २०२४

ग्लेन,

तुझी आठवण दांडगी. धुकंसुद्धा आठवतं तुला.

बरं. तो तुकडा ठेव. भिंतीवर ठेव, काचेखाली ठेव, फुलं वाहा, स्वीडनच्या लोकांना दाखव. मी परत मागणार नाही. रोज सकाळी त्याच्यासमोरून जाताना टोपी काढत जा, एवढीच माझी इच्छा. माझा सूर एकदम कसा बदलला म्हणून चकित होऊ नकोस. तुझं पत्र वाचून मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

आता दुसरं. तुझ्या फोटोवाल्याचा फोटो पेपरात आला. पूल ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्यांनी तो पाहिला. वीस-पंचवीस वर्षं ती माणसं वाडग्याकडे पाठ करून जात होती. त्यांच्यातल्या एकाची पोरं तिथंच शिकली. पण पेपरात क्रेन छापून आल्यावर पाठ कशी करणार? परवा येऊन खांबांवर आणि वाडग्यावर नारिंगी रंगाच्या फुल्या मारून गेलेत. म्हणतात, खांबाजवळ कापल्यानं धोका झाला, सगळंच काढावं लागेल. चौदा मेला सुनावणी आहे.

हारलन बोलणार आहे, मी बोलणार आहे. आम्ही कोण? एक रंगारी आणि एक बसवाली. तू ये. तुझं नाव त्यांना माहीत आहे, तुझ्याकडे वकील आहेत, तुझ्या एका शब्दावर ती फुली पुसली जाईल. कापलंस तू, तर सांधायलाही तूच ये. आणि माझ्यासाठी येऊ नकोस. तू वयाच्या सोळाव्या वर्षापासून असल्या वाडग्यांत वाढलास, म्हणून ये. त्यासाठी तुला आणखी काही कारण लागू नये अशी माझी अपेक्षा आहे.

मारित्सा


टॉरन्स,
६ मे २०२४

प्रिय मारित्सा,

उशीर झाला, कारण उत्तर काय द्यावं हे माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं.

वरचे लोक नको म्हणतात. आम्ही तुकडा कापला तेव्हा परवानगी घेतलेली नव्हती. सुनावणीत कल्व्हर्टचा माणूस उभा राहिला तर पहिला प्रश्न तोच येईल. वकिलांनी स्पष्ट सांगितलंय, तिकडे फिरकू नका. शिवाय नऊ तारखेला मी जपानला निघतोय, नव्या टीमला घेऊन, तीन आठवडे.

मला वाईट वाटतं. पण खरं सांगू? तुझं एप्रिलचं पत्र आल्यापासून मी निश्चिंत आहे. तू समजून घेतलंस. टोमा माझ्याकडे सुखरूप आहे. उद्या त्यांनी तिथं काही केलंच, तर जाईल ते नुसतं काँक्रीट. पोरं दुसरीकडे बांधतील. पोरं नेहमी दुसरीकडे बांधतात. आपणही तेच केलं होतं.

जपानहून तेतासाठी काय आणू?

ग्लेन


टॉरन्स, तुझ्या हॉलमध्ये,
१० मे २०२४

ग्लेन,

हे पत्र इथंच तुझ्या ऑफिसात बसून लिहितेय. काल रात्री फोन लावला तर तुझाच आवाज म्हणाला, निरोप ठेवा. हे निरोपात ठेवण्यासारखं नाही. म्हणून सकाळची फेरी आटोपून बसच घेऊन आले आणि तुझ्या दारात लावली. हॉलमधल्या मुलीनं सांगितलं, साहेब कालच गेले. मी म्हटलं, त्याला कळव, मारित्सा आलीय, जीवनमरणाचं आहे. ती म्हणाली, खासगी टपाल आम्ही उघडत नाही, टेबलावर ठेवते. भली मुलगी आहे. तू उघडशील तेव्हा उघडशील, पण कुणी तुला वाचून दाखवलं तर अजून चार दिवस आहेत.

टोमा तुझ्याकडे नाही.

तू त्या दिवशी तिथं नव्हतास. तू जर्मनीत होतास, कसल्याशा प्रदर्शनाला. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, पुलावरून ट्रक जात होते आणि फादर तोंडाजवळ हात धरून प्रार्थना ओरडत होते. आईनं कलश कुणाच्याही हातात दिला नाही. बाबांचे रबरी बूट घातले, काळ्या झग्याचा घोळ कमरेला खोचला, आणि शिडीवरून वाडग्याच्या खोल बाजूला स्वतः उतरली. हारलननं शिडी धरली होती. एकदम ओतवेना, म्हणून तिनं घरून सूपचा डाव आणला होता. हारलनचं प्रत्येक घमेलं आलं की ती त्यात एक डाव राख घालायची. अख्खी खोल भिंत त्याचीच आहे. मी विचारलं होतं, आई, इथंच का? म्हणाली, पोरं इथं सगळ्यात जोरात येतात. इथं तो एकटा पडणार नाही.

तिथं नाव लिहिता येईना, भिंत इतकी उभी की अक्षरं ओघळायची. म्हणून पुढच्या आठवड्यात उथळ बाजूचा काठ घातला त्यावर लिहिलं. तेव्हा तू परत आला होतास. खिळा तुझ्याच हातात होता, तेवढं खरं आहे. तू नाव पाहिलंस आणि तोच माणूस समजलास. तुझ्या हॉलमध्ये टांगलाय तो निव्वळ काठ आहे, आई पाय टेकायची तो.

मी हे एप्रिलमध्येच लिहू शकले असते. नाही लिहिलं. तू रिकाम्या दगडापुढे टोपी काढतोयस हे चित्र मला रोज सकाळी बस सुरू करताना गोड लागत होतं. आणि मला पाहायचं होतं, राख बाजूला ठेवून तू त्या जागेसाठी येतोस का. नाही आलास. झालं ते झालं. आता राखेसाठी ये. वकिलांना सोड, विमानात बस, नाहीतर तिथून फोन कर, कुणालाही कर. चौदाला सकाळी दहा वाजता.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतेय.

मारित्सा


टॉरन्स,
४ जून २०२४

मारित्सा,

काल परत आलो. टेबलावर टपालाचा ढीग होता, तुझं पाकीट खालून दुसरं. वाचलं आणि तसाच गाडी घेऊन पुलाखाली आलो. तिथं आता नुसती खडी पसरलीय आणि जाळीचं कुंपण घातलंय. हारलन कुंपणापाशी होता. त्यानं मला पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी जर्मनीत होतो. पहिल्यांदा कुणीतरी मुलाखतीत विचारलं, तुम्ही तिथं होतात? आणि मला नाही म्हणवेना. टोमाचा खोका मी बंद केला आणि त्याच्या राखेलाही मी नव्हतो, हे दोन्ही एकदम कसं सांगणार? मग हळूहळू धुकं आलं, कलश आला. इतक्या वर्षांनी मला तो कलश हाताला जाणवतो. मी खोटं बोलतोय हे मी विसरून गेलो होतो, हे तुला पटणार नाही.

एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर मी आलो असतो. हे आरोप म्हणून लिहीत नाही. पण आलो असतो.

तो दगड मी उतरवतो. तुला हवा तिथं आणून देतो, तुझ्या अंगणात, हारलन म्हणेल तिथं. तेताला स्वतः भेटून सगळं सांगतो.

फक्त एक विनंती. समारंभ पंधरा तारखेला आहे. सार्डिनच्या फळ्या दुकानांत गेल्यात, प्रत्येक फळीवर त्या दगडाची गोष्ट छापलीय. तोवर हे आपल्या दोघांत राहू दे. एकदा तो दिवस पार पडला की मी सगळं सरळ करतो. माझा शब्द.

ग्लेन


सॅन पेद्रो,
२४ जून २०२४

ग्लेन,

बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणणार होते. पण तू तर झोपाही समारंभानंतर करणार होतास.

राडारोडा कुठं गेला ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. पाडायला आले त्या दिवशी मी रजा काढून कुंपणाशी उभी होते. भरून निघालेल्या पहिल्या ट्रकच्या मागे माझी गाडी लावली. बंदरात नवा धक्का होतोय, तिथं भरावाला टाकतात. ट्रकवाल्याला म्हटलं, जरा हळू ओत. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, माझा भाऊ आहे. त्यानं मला वेडी समजून हात जोडले आणि खरंच हळू ओतलं. त्यावर आता कंटेनर उभे राहतील. टोमा पाण्यात कधी गेला नाही, त्याला बोट लागायची. बाबा त्यावरून जन्मभर चिडवत होते.

चूक माझीही आहे. तू लिहिलंस ते बरोबर आहे, एप्रिलमध्ये सांगायला हवं होतं. ते मी माझ्यापुरतं बघून घेईन. तुझ्याशी त्याची वाटणी करणार नाही.

पंधरा तारखेला आम्ही आलो होतो. तू बोलावलं होतंस, आईला जायचं होतं, आणि नको म्हणायला मला कारण सापडेना. पुढची खुर्ची होती पण आम्ही मागे उभ्या राहिलो, गर्दीत. मला वाटलं होतं, या माणसानं मला तसं पत्र लिहिलंय, आज निदान त्या गोष्टीला तो बगल देईल. तू मंचावर आलास आणि म्हणालास, मी माझ्या या हातांनी. हात वर करून दाखवलेस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुकंही होतं.

आईनं सगळं ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे बघायला धजत नव्हते. ती म्हणाली, बोलू दे गं, त्याला नव्हतं येता आलं, त्याचं त्याला लागून राहिलंय. तू गेलास तेव्हा गर्दी पांगली, मग ती त्या दगडाशी गेली. हातानं चाचपला. कडेचा तो टवका असतो ना, तिथं बोट थांबलं. म्हणाली, अगं, हा तर माझ्या पायाखालचा. खुळ्यांनी भिंतीवर कशाला लावला? इथून कुणाला जाता येणार? आणि हसली. माझ्या मागे एक मुलगी मेणबत्ती घेऊन उभी होती, तिलाही हसू आलं.

वाडगा पाडल्याचं मी आईला सांगितलेलं नाही. रविवारी म्हणते, चल पुलाखाली, मी म्हणते, रस्त्याचं काम चाललंय. किती रविवार चालेल कोण जाणे. ते मी सांगीन तेव्हा सांगीन. तू येऊन सांगायचं नाहीस. तो दगड आणून द्यायचा नाहीस. तुझ्या हॉलमध्येच राहू दे, पाटीसकट, तुझ्याजवळ तेवढंच आहे.

परत येताना गाडीत तिनं जपमाळ काढली. मग म्हणाली, ग्लेनचा आवाज बारीक झालाय. जेवतो का नीट? डिसेंबरात त्याला दोन डबे पाठवू.

ती नव्वद वर्षांची आहे. पीठ ती मळते, तळते मी. डब्यात भरते मी, पत्ता लिहिते मी, टपालात टाकते मी. ती विचारील तेव्हा मी सांगेन, पोचले, आवडले, साखर शर्टावर सांडली.

तू मात्र डिसेंबरात डबा आला नाही, तर कुरिअरवाल्याला फोन करत बसू नकोस.

मारित्सा